सोबतवाले तातूकाका

“सून रडणारी आसा काय?”

तातूकाकांनी माझ्या सासऱ्यांना विचारलेला हा पहिला प्रश्न. माझ्या लग्नाची हळद अजून पुरती निघाली नव्हती. रजा संपली म्हणून नवरा मुंबईला पुढे गेला होता आणि मागाहून मला त्याच्याकडे पोचवायचं होतं. मी माजघराच्या दाराआड उभी होते. ओटीवर सासरे सुपारी कातरत बसले होते. त्यांच्यासमोर काळी टोपी घातलेला, मांडीवर छत्री आडवी धरलेला एक किडकिडीत माणूस बसला होता. बाजारात बैल मारका आहे का म्हणून विचारतात, त्या आवाजात तो माझी चौकशी करत होता.

“रडणारी म्हणजे?” सासऱ्यांनी विचारलं.

“बोटीत. काय जणी किनारो दिसता तवसर रडतत, काय जणी मुंबय इली तरी थांबणत नाय. रडणाऱ्यांचो दर वेगळो.”

सुपारी अडकित्त्यातच राहिली. सासऱ्यांना धक्का रडण्याचा नव्हता, दराचा होता. त्या काळी मालवणहून मुंबईला जाणारा कुणीही माणूस शेजाऱ्याची बायको, भावकीतली म्हातारी, कुणाचं पोर आणि कुणाची तांदळाची गोण सोबत घेऊन जायचा. ती रीत होती. त्याचे पैसे मागायचे हे कुणाच्या स्वप्नातसुद्धा आलं नव्हतं. तातूकाकांच्या मात्र आलं. त्यांनी घरावर पाटीच लावली होती: ‘प्रवासी सोबत. मालवण ते मुंबई. बायका, मुले, वृद्ध. सामान अलग. गप्पा अलग.’

ती पाटी वाचायला लोक मुद्दाम वाट वाकडी करून येत. “आज सोबतीचे पैसे घेता, उद्या वाट दाखवूचे घेतलो,” असं आमच्या आळीत म्हणत. तातूकाकांनी ते ऐकलं आणि त्यावर दोन दिवस गंभीरपणे विचारही केला म्हणे.

कुणी वाद घालायला गेलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असे. “उपकार घेतलास तर मान खाली. पैसे दिलंस तर मान वर. तुका खंयची होयी?” आणि पुढे, “फुकट पोचवणारो तुझ्या बायलेक वळकटीवर बसवता आणि आपण पत्ते खेळूक जाता. तू काय बोलू शकतंस त्याका? माका बोलू शकतंस.”

सासऱ्यांनीही पाटीवरून वाद घातला आणि हेच ऐकलं. माझी सोबत ठरली. रडण्याबाबत मी आतून मान हलवून ‘नाही’ म्हटलं, म्हणून साध्या दरात.

बोट तेव्हा किनाऱ्याला लागत नसे. ती लांब खोल पाण्यात उभी राही आणि पडावातून तिथवर जावं लागे. पडाव हलला आणि मला जे रडू फुटलं ते आवरेना. तातूकाकांनी एकदा वळून पाहिलं, मान हलवली आणि मुकाट्याने माझ्या हातात एक कोकमाचं सोल ठेवलं. “तोंडात धर. ओकारी येवची नाय आणि रडताना तोंड उघडा रवायचा नाय.” बोटीवर मला बायकांच्या घोळक्यात जागा करून दिली, माझ्याकडे पाठ करून बसले, आणि छत्रीवर हनुवटी टेकवून मुंबईपर्यंत तसेच बसून राहिले. मी काही विचारलं तर तेवढंच उत्तर. गप्पा खरोखरच अलग होत्या. मध्ये एकदा त्यांनी माझं नाव विचारलं. कधी कुणी परक्याने विचारलं नव्हतं. मी गोंधळून माहेरचं सांगितलं, द्वारका.

भाऊच्या धक्क्यावर नवरा घ्यायला आला होता. मी पदर सावरून दोन पावलं पुढे झाले, तशी तातूकाकांनी मध्ये छत्री आडवी घातली.

“थांबा. बायकोचा नाव काय?”

माझा नवरा जागच्या जागी खिळला. धक्क्यावर गर्दी, हमाल, ओळखीची चार माणसं, आणि बायकोचं नाव मोठ्याने घ्यायचं. तो काळच असा होता की माणसं म्हातारी होऊन मरत, पण एकमेकांचं नाव घेत नसत. तो माझ्याकडे बघेना, तातूकाकांकडे बघेना. शेवटी बोटातल्या अंगठीकडे बघत म्हणाला, “मालती.”

“जुळणा नाय,” तातूकाका म्हणाले आणि माझी ट्रंक परत उचलली. “माझ्याकडे द्वारका आसा.”

भोवतीचे हमाल थांबले. कुणीतरी हसलं. माझ्या नवऱ्याच्या कपाळावर घाम आला. मग लग्नात माझं नवं नाव ज्यात लिहिलं, ते तांदळाचं ताट त्याला आठवलं असावं. खाली मान घालून, अगदी बारीक आवाजात तो म्हणाला, “द्वारका. लग्नाआधी.”

“मोठ्यान.”

“द्वारका.”

तातूकाकांनी छत्री बाजूला केली. ते मला पोचवून निघून गेले, तरी आम्ही दोघं किती वेळ तिथेच उभे होतो. मला राग आला होता की लाज वाटली होती, कोण जाणे. पण नवऱ्याच्या तोंडून माझं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते असं, एकदम दोन्ही. तातूकाका मात्र मला शेवटपर्यंत द्वारकाच म्हणत राहिले. बुकिंग त्या नावाचं होतं.

चार-पाच वर्षांनी आम्ही मालवणला परतलो. माझ्या नवऱ्याला तिथल्या एका माल वाहतुकीच्या एजन्सीत नोकरी मिळाली होती. गाव ओळखू येईना. एस.टी.चा स्टँड झाला होता. बर्फाचा कारखाना निघाला होता, आणि पूर्वी सुकवून खारवायचे ते मासे आता बर्फात घालून ट्रकमधून घाटावर जात होते. ट्रक आले तसे ट्रकवाले आले, ट्रकवाल्यांमागून चहाची दुकानं, टायरचं पंक्चर काढणारा, उतरायला लॉज, कपड्यांना लाँड्री आणि दाढीला आरशाचं सलून. गोवा मुक्त झाल्यावर तर वेंगुर्ल्याकडून येणाऱ्या व्यापाऱ्यांची वर्दळ आणखी वाढली. जुनी माणसं रोज सकाळी ओटीवर बसून नवा धक्का खात. दुसऱ्याच्या अंगावरचे कपडे दुकानात इस्त्री होतात, पैसे देऊन परक्या बिछान्यात माणूस झोपतो, बाहेर ‘आत जेवण तयार आहे’ असं लिहिलेलं असतं. ‘जेवण तयार आसा तर लिवचा कित्याक, हाक मारूची,’ असं सासरे म्हणत.

एकटे तातूकाका खूष होते. इतकी वर्षं गाव त्यांना वेडा म्हणत होतं, आणि आता सगळा बाजारच त्यांच्यासारखा वागू लागला होता. प्रत्येक नव्या दुकानात ते पहिले गिऱ्हाईक म्हणून जात आणि तक्रार करून येत. त्यांच्या दोन सदऱ्यांपैकी एक लाँड्रीत गेला. परत आल्यावर त्यांनी कॉलर उजेडात धरून पाहिली आणि म्हणाले, “हयसर डाग रवलो.” डाग नव्हता. लाँड्रीवाला चिडला, तसे म्हणाले, “रागावतंस कित्याक? मी गिऱ्हाईक आसंय. घरात बायको धुता तिका बोलूक गावता काय?” तातूकाकांना बायको नव्हती. ती लग्नानंतर लवकरच गेली, एवढंच गावाला ठाऊक होतं. त्यांच्या घरात मात्र कुणी गेलेलं नव्हतं.

एस.टी.मुळे बोटीचे उतारू कमी झाले. तेव्हा त्यांनी आणखी एक सेवा काढली, तिने तर स्टँडवरच्या कंडक्टरांनासुद्धा गप्प केलं. ज्याला सोडायला कुणी नाही, त्याला सोडायला यायचं. तातूकाका पिशवी धरणार, खिडकीखाली उभं राहून ‘पोचल्यावर पत्र घाल’ म्हणणार आणि गाडी वळेपर्यंत हात हलवणार. “लोकांका सोडूक आठ-आठ जणां येतत,” ते मला म्हणाले. “एकटो माणूस गाडीत चढता तेव्हा त्याचा तोंड बघितलंस कधी?” मी नव्हतं पाहिलं. मला त्या कल्पनेचाच धक्का बसला होता. आश्चर्य म्हणजे गिऱ्हाइकं मिळाली.

आणि मग शेवंतीचं झालं.

शेवंती आतल्या गावची, भातशेतीवाल्या घरातली सून. नवरा मुंबईला गिरणीत. लग्नानंतर गेला तो दोन वर्षं फिरकला नाही, बोलावणंही नाही. सासू-सासऱ्यांनी शेवटी ठरवलं की हिला नेऊन पोचवायची. तातूकाकांची सोबत ठरली. तिच्याकडे पाहून त्यांनी रडणारी आहे का हे विचारलंच नाही. ती बोलतच नसे. हो-नाही ते मानेने.

आठवडाभरात तातूकाका परत आले आणि मी ओसरीत तांदूळ निवडत होते तिथे येऊन उभे राहिले. त्यांच्यामागे, तुळशीपाशी, ट्रंक हातात धरून शेवंती उभी होती.

“द्वारका,” ते म्हणाले, “एक सोबत आसा. उतरूक जागा नाय.”

काय झालं ते पुढे कितीतरी दिवसांनी शेवंतीने मला तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. धक्क्यावर कुणी आलं नव्हतं म्हणून तातूकाका पत्ता शोधत चाळीतल्या खोलीपर्यंत गेले. नवऱ्याने दार उघडलं. तातूकाकांनी छत्री आडवी धरली आणि बायकोचं नाव विचारलं. त्याने नाव बरोबर सांगितलं, गावही बरोबर सांगितलं, न लाजता. त्याच्या पाठीमागे एक बाई मूल पाजत बसली होती.

“ही कोण?” तातूकाकांनी विचारलं.

“घरातली,” तो म्हणाला. मग शेवंतीकडे पाहून म्हणाला, “ऱ्हवांदे हिका पण. भांड्या-पाण्याक होतली.”

शेवंती म्हणाली की तिच्या कानात गिरणीचा भोंगा वाजावा तसं काहीतरी वाजायला लागलं. तिला वाटलं, आता हा माणूस छत्री बाजूला करणार आणि आपण आत जाणार. दुसरं कुठे जायचं? पण तातूकाका तिच्याकडे वळले. अख्ख्या प्रवासात ते तिच्याशी बोलले नव्हते.

“तुका हयसर ऱ्हवचा आसा?”

तिला असं कुणी कधी विचारलं नव्हतं. सासरी पाठवताना नाही, मुंबईला धाडताना नाही. तिने मान हलवली. ते म्हणाले, “मान नको. तोंडान सांग.”

“नाय,” शेवंती म्हणाली.

तातूकाकांनी ट्रंक उचलली आणि जिना उतरू लागले. नवरा वरून ओरडला, सोबतीचे पैसे मिळालेत ना मग माणूस ठेवून जा. तातूकाका खालून म्हणाले, “सून म्हणान बुकिंग आसा. मोलकरणीचा नाय.”

परतीच्या बोटीवर ते तिच्यासमोर बसले. पाठ करून नव्हे, समोर. आणि बोलत राहिले. कुठलं बंदर आलं, त्या बंदरात कुणाची बोट कशी बुडाली, कुठल्या गावची माणसं चिकट, कुठल्या गावचे आंबे आंबट. तिला खाजा घेऊन दिला, स्वतः खाल्ला. शेवंतीला त्यातलं अर्धंअधिक ऐकूच गेलं नाही. पण हा माणूस आपल्यासाठी एवढं बोलतोय हे तिला कळत होतं.

सासरच्यांनी तिला दारातूनच परत फिरवलं. “आमी पोचवूचे पैसे दिले, परत आणूचे नाय,” असं सासरा तातूकाकांना म्हणाला. माहेरी भाऊ गोठ्यात जाऊन उभा राहिला आणि भावजयीने जागा नसल्याचं सांगितलं. आणि तातूकाका बायको नसलेला पुरुष. त्यांच्या घरी तिला ठेवली असती तर गावाने दोघांना जगू दिलं नसतं. म्हणून आमची ओसरी.

त्या दिवशी तातूकाकांनी दोन वाक्यांत सांगितलेलं माझ्या सासऱ्यांनी ऐकून घेतलं. पाटीवरून तातूकाकांशी वाद घालणारे तेच. त्यांनी एवढंच विचारलं, “चेडवान काय खाल्ला काय?”

शेवंती आमच्याकडे राहिली. तिच्या हातचं कोलंबीचं सुकं आणि तांदळाची भाकरी खाऊन माझा नवरा एजन्सीत जाई आणि तिथल्या ड्रायव्हरांना त्याची वर्णनं सांगे. एक दिवस तातूकाकांनी ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी ते ताट घेऊन जेवायला आले, जेवले, आणि हात धुवायच्या आधी म्हणाले, “मीठ कमी आसा. दर काय?”

शेवंती स्वयंपाकघरात पळाली. तातूकाका बसून राहिले. उष्टा हात वाळून गेला तरी उठेनात.

“ती पैसे मागी तवसर मी उठूचंय नाय,” त्यांनी मला सांगितलं.

“काका, घरच्या माणसासारखे तुम्ही. पैसे कसले?” मी म्हटलं.

“तूच तिका बिघडवतंस. बरा झाला बरा झाला म्हणतंस आणि फुकट खातंस. तिच्या जेवणाक कोणी नाव ठेवलेला नाय अजून. नाव ठेवल्याशिवाय धंदो कसो होतलो?”

मला राग आला. पोरीचं आयुष्य उद्ध्वस्त झालंय आणि हा माणूस मिठावरून भांडतोय. पण संध्याकाळ व्हायला आली तेव्हा शेवंती दारात आली, भिंतीकडे तोंड करून. “मीठ बरोबर होता,” ती म्हणाली. आणि मग, “पैसे द्या.”

तातूकाका उठले, हात धुतला आणि पैसे तिच्या हातात न देता पाटावर ठेवले. “आता हिचा दुकान घाला,” ते मला म्हणाले.

ट्रकवाल्यांसाठी शेवंतीची खाणावळ सुरू झाली, स्टँडच्या मागच्या बाजूला, झावळ्यांच्या छपराखाली. बाईमाणूस परक्या पुरुषांना पैसे घेऊन जेवू घालते म्हणून गाव पुन्हा हादरलं. काही दिवस आमच्या घराशी बोलणंही तुटलं. माझ्या सासूबाईंना देवळात जायची लाज वाटे. तातूकाका रोज तिथे दुपारी जेवत, रोज तक्रार करत, रोज पैसे देत. हळूहळू शेवंती त्यांच्याशी भांडायला शिकली. मग ड्रायव्हरांशी. मग भाजीवालीशी आणि बर्फवाल्याशी. दोन-तीन वर्षांत झावळ्या गेल्या, कौलं आली. जे लोक बोलत नव्हते त्यांचे पाहुणे आले की डबा तिच्याकडूनच जाऊ लागला. मान खाली घालून आलेली ती मुलगी आता गल्ल्यामागे उभी राहून स्टँडवरच्या गलक्याच्या वर आवाज चढवून बोलत असे.

आणि तातूकाकांचा धंदा संपत गेला. बायका आता आपल्या आपण एस.टी.त चढत, पोरं खिडकीशी बसत, नवऱ्याला तार करत. कुणालाच सोबत लागेना. पाटीवरची अक्षरं पुसट झाली. ते तिच्याखाली छत्री घेऊन बसत आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला विचारत, “एकटोच चललंस?” लोक हसून हो म्हणत.

एक दिवस ते जेवायला आले नाहीत. शेवंतीने वाट पाहिली आणि भर गर्दीच्या वेळी, ड्रायव्हरांची ताटं वाढलेली असताना, खाणावळीचं दार लोटून घेतलं. मला हाक मारून सरळ त्यांच्या घरी गेली. तातूकाका ओटीच्या पायरीवर बसले होते. पायरी दिसली नाही म्हणून पडले होते, गुडघा फुटला होता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पुरता उतरला होता. कधीपासून, कुणास ठाऊक. बारीकसारीक तक्रारी करणारा माणूस याबद्दल अवाक्षर बोलला नव्हता.

मिरजेला नेऊन डोळे करून घ्यावे लागणार होते. कोण नेणार यावर माझा नवरा काही बोलणार एवढ्यात शेवंती म्हणाली, “मी जातंय सोबत.”

तातूकाकांनी आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. “दर काय?”

आणि शेवंतीने दर सांगितला. चांगला भरभक्कम. तातूकाका महाग आहे म्हणाले, तिने तसूभरही कमी केला नाही, आणि त्यांनी कनवटीचे पैसे काढून मोजून तिच्या हातात दिले. तिने ते घेतले. मी बघतच राहिले. या माणसाने तिला त्या खोलीच्या दारातून परत आणलं होतं. बाहेर आल्यावर मी तिला म्हटलं, “शेवंती, तुका काय वाटला नाय?”

“वाटला,” ती म्हणाली. “पण नको म्हटलंय असता तर तो आंधळो ऱ्हवलो असतो, माझ्या वांगडा इलो नसतो.”

खाणावळ पंधरवडाभर बंद राहिली. दोघं परत आले तेव्हा तातूकाकांच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती, ती सुटल्यावर त्यांना दिसू लागलं. पुढे ते बरीच वर्षं जगले आणि रोज दुपारी शेवंतीकडे मिठावरून भांडले. पण मिरजेहून परत येताना काय झालं ते तिने मला एकदा परसात बसून मासे साफ करताना सांगितलं. तातूकाका गेल्यानंतर.

मिरजेहून येताना दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधलेली होती. घाट उतरेपर्यंत ते छत्रीवर हनुवटी टेकवून बसले होते. मग एकाएकी म्हणाले, “शेवंते, आसंस मां?”

ती म्हणाली, “आसंय.”

“लोकांका पोचवन मी परत येय, तेव्हा बोटीत एकटोच असंय. इतकी वर्सा. जाताना माणूस असता, येताना कोणी नाय. ती परतीची बोट माका खाय. म्हणान मालवणात उतरलंय की लगेच दुसरी सोबत बघंय.”

त्यांनी छत्री दुसऱ्या हातात घेतली.

“एकदाच येताना माणूस होता. तू. तुझा सगळा बुडालेला त्या दिवशी, आणि माका बरा वाटत होता. खाजो घेतलंय, बंदरा दाखवलंय. तुका वाटला असतला, म्हातारो माझी समजूत घालता. मी समजूत घालत नव्हतंय गो. माका आनंद झालेलो. ह्या कोणाक सांगू नको.”

एवढं सांगून शेवंतीने पुढचा बांगडा उचलला. त्याची खवलं विळीवर खरवडत राहिली.

“मगे तू काय म्हटलंस?” मी विचारलं.

“काय म्हणतलंय?” ती म्हणाली. “डॉक्टरान पट्टी भिजवूची नाय म्हणान बजावलेला. तेवढ्यासाठी त्याका म्हटलंय, काका, आता गप ऱ्हवा.”